'उन्हाळी' म्हणून विसरलेले दुखणे

बारामतीच्या बाजारपेठेतील एखादे कापडाचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. लग्नसराईचे दिवस आहेत, गादीवर साड्यांचे ढीग पडले आहेत आणि समोर गिऱ्हाइकांची दाटी आहे. गल्ल्याजवळ बसलेली घरातील सून तासाभरात तिसऱ्यांदा उठते. ओटीपोटात ठणका आहे. लघवीला जाऊन आल्यावर तो थोडा शमतो आणि मूत्राशय भरू लागताच पुन्हा वाढतो. रात्रीही पाच-सहा वेळा उठावे लागते. सासूबाई मायेने म्हणतात, "उन्हाळी लागली असेल, लिंबाचे सरबत घे." डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. अहवालात जंतू सापडत नाहीत, तरीही प्रतिजैविकांचा एक कोर्स होतो आणि पाठोपाठ दुसरा. काही महिन्यांनी घरात कोणीतरी हळूच म्हणते, "सगळे मनाचे खेळ आहेत."

हे चित्र कोणा एकीचे नाही. बारामती-इंदापूरच्या कोणत्याही व्यापारी घरात ते असू शकते. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा मूत्राशय वेदना विकार असे नाव आहे. जंतुसंसर्ग किंवा अन्य उघड कारण नसताना सहा आठवड्यांहून अधिक काळ मूत्राशयाच्या जागी वेदना, दाब किंवा अस्वस्थता जाणवणे आणि त्यासोबत वारंवार लघवीला जावे लागणे, ही त्याची ओळख. पुरुषांनाही तो होतो. परंतु स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे.

हा विकार नवा नाही. १९१५ साली अमेरिकेतील डॉ. गाय हनर यांनी काही स्त्रियांच्या मूत्राशयातील विशिष्ट व्रणांचे वर्णन केले. आजही ते व्रण त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मात्र हे व्रण थोड्याच रुग्णांत दिसतात. बाकीच्यांचे मूत्राशय दुर्बिणीतून जवळजवळ निरोगी भासते. डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून दुखणेच नाही, असा समज त्यातून दृढ झाला आणि कित्येक वर्षे या रुग्णांना भावनाप्रधान ठरवून परत पाठवले गेले. विकी रॅटनर या वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच या दुखण्याने ग्रासल्या होत्या. त्यांनी १९८४ साली अमेरिकेत रुग्णांची संघटना उभारली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८७ साली संशोधनासाठी निदानाचे निकष ठरवले, आणि मग या वेदनेकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

शरीरात नेमके काय घडते? मूत्राशयाच्या आतल्या बाजूस एक नाजूक संरक्षक अस्तर असते. ते विरळ झाले की लघवीतील क्षार आतल्या थरात झिरपतात आणि तेथील मज्जातंतूंना डिवचतात, असे एक स्पष्टीकरण मानले जाते. काही रुग्णांत ॲलर्जीशी संबंधित पेशी तेथे वाढलेल्या आढळतात. वेदना दीर्घकाळ टिकली की मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात आणि कटिभागाचे स्नायू सतत आखडलेले राहतात. एकच कारण सर्वांना लागू पडत नाही, म्हणून एकच औषधही सर्वांना लागू पडत नाही.

दुखणे उफाळून आणणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच अंशी ओळखता येतात. चहा, कॉफी, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळे, तिखट, व्हिनेगर, सोडायुक्त पेये आणि कृत्रिम गोडी यांचा उल्लेख अनेक रुग्ण करतात. मासिक पाळीचे दिवस, मानसिक ताण, तासन्‌तास एका जागी बसणे, लघवी रोखून धरणे आणि खडबडीत रस्त्यावरचा लांबचा प्रवास यांनीही त्रास वाढू शकतो.

येथे आपल्या स्वयंपाकघराकडे पाहणे आवश्यक आहे. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत भाजी-आमटीची चव पुष्कळदा टोमॅटो, लिंबू, चिंच, आमचूर आणि हिरव्या मिरचीवर पेललेली असते. त्यात दुकानात दिवसभर येणाऱ्या पाहुण्यांबरोबरचा चहा मिळवला, तर संशयित पदार्थांपैकी निम्मे रोज पोटात जातात. साध्या उन्हाळीवर आपण प्रेमाने देतो ते लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत या विकारात आग वाढवू शकते. याचा अर्थ सर्वांनी सर्व सोडावे असा नव्हे. दोन-तीन आठवडे संशयित पदार्थ बंद ठेवावेत आणि मग एकेक करून परत आणावा. ज्याने त्रास होतो तेवढाच कायमचा टाळावा. आयंबिलाचे बिनमसाल्याचे जेवण आणि रसत्याग ज्या घरांना परिचित आहेत, त्यांना ही शिस्त अवघड वाटू नये.

पाण्याचा विचार यापेक्षा महत्त्वाचा आहे. वारंवार जावे लागू नये म्हणून अनेक जणी पाणी पिणेच कमी करतात. बाजारपेठेत स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह जवळ नसणे, हेही त्यामागचे एक कारण असते. परंतु पाणी कमी झाले की लघवी दाट होते आणि दाट लघवी दुखऱ्या अस्तराला अधिकच झोंबते. अवर्षणप्रवण अशा आपल्या तालुक्यांतील कडक उन्हाळ्यात ही भीती दुप्पट. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी घाईने एकदम तांब्याभर पाणी पिण्याऐवजी सकाळपासून थोडे थोडे प्यावे. हा विकार असलेल्या व्यक्तीने मोठ्या तपश्चर्येचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी आणि आपल्या गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे. दुखणे लपवून केलेल्या उपवासाचा भार शरीरावर पडतो आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते.

आता घराण्याच्या प्रश्नाकडे वळू. आईला हे दुखणे असेल तर मुलीला होईल काय? २००४ साली अमेरिकेतील डॉ. जॉन वॉरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जवळच्या नातलगांची माहिती गोळा केली. रुग्णांच्या माता, भगिनी व कन्या यांच्यामध्ये या विकाराचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांच्या सुमारे १७ पट असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडा मोठा वाटतो, पण मूळ प्रमाण अत्यल्प धरलेले असल्याने १७ पट होऊनही ते शंभर जणींमागे सुमारे एक एवढेच भरते. स्वीडनमधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून पुढे असेही दिसले की स्त्रियांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा एकतृतीयांशाहून कमी आहे. उरलेला वाटा प्रत्येकीच्या स्वतंत्र परिस्थितीचा. म्हणजे वारशाने आली तर एक प्रवृत्ती येते. पोटाचा चिडखोर विकार, अर्धशिशी आणि अंगभर स्नायूदुखी हेही या रुग्णांत अधिक आढळतात. त्यामुळे घरातील अशा तक्रारींची नोंद डॉक्टरांना उपयोगी पडते.

हे समजून घेणे एवढ्यासाठी महत्त्वाचे की आपल्या समाजात अशी माहिती स्थळे पाहण्याच्या काळात दडवली जाते. "आईला असले काही आहे हे कळले तर मुलीचे कसे होणार?" या धास्तीने आई गप्प राहते. पुढे मुलीला तोच त्रास सुरू झाला की तीही अनेक वर्षे एकटीच सोसते. विकाराचा वारसा मिळण्याची शक्यता अल्प आहे. मौनाचा वारसा मात्र हमखास मिळतो. हा विकार संसर्गजन्य नाही, तो कर्करोग नाही आणि विवाहास किंवा मातृत्वास तो अडसर ठरत नाही. सोयरिकीत त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

उपचारांचा मार्ग पायरीपायरीने जातो. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करून घ्यावे. कल्चर निर्दोष असताना पुन्हा पुन्हा प्रतिजैविके घेऊ नयेत. आपल्या देशात मूत्राशयाचा क्षयरोग, खडे आणि अर्बुद यांची शंका आधी दूर करावी लागते. लघवीतून रक्त, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल तर विलंब नको. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथून किंवा आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडून मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. पुण्याला जावे लागले तरी ते अंतर सुमारे १०० किलोमीटरचे आहे, आणि निदानाविना काढलेल्या वर्षांपुढे ते काहीच नाही.

जाताना तीन दिवसांची नोंदवही न्यावी: केव्हा लघवीला गेलो, किती झाली, काय खाल्ले-प्यायले, वेदना किती होती. रोजची खतावणी लिहिणाऱ्या घरांना हे सांगायला नको. आहारातील बदल, लघवीचे अंतर हळूहळू वाढवण्याचा सराव आणि आखडलेले स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी येथून सुरुवात होते. स्नायू आवळण्याचे व्यायाम मात्र आपल्या मनाने करू नयेत, त्यांनी त्रास वाढू शकतो. पुढे गरजेनुसार पोटातून घ्यायची औषधे, मूत्राशयात सोडायची औषधे किंवा व्रण असल्यास ते जाळण्याची प्रक्रिया यांचा विचार होतो. पेंटोसन हे औषध दीर्घकाळ चालू असेल तर डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. समूळ बरे होण्याची हमी कोणी देत नाही. पण बहुतेकांना दुखणे आटोक्यात ठेवून संसार-व्यापार नीट करता येतो.

आणि घरच्यांनी? सुनेला दुकानातून उठावे लागले तर तिच्या जागी कोणीतरी निमूटपणे बसावे. प्रवासात गाडी थांबवायला तिला दोनदा विनवावे लागू नये. आणि ज्या मातांनी हे दुखणे वर्षानुवर्षे 'उन्हाळी' म्हणत अंगावर काढले, त्यांनी आज संध्याकाळी मुलीला जवळ बसवून ते एकदा सांगावे. कदाचित तिला त्याची कधीच गरज पडणार नाही. पडलीच, तर डॉक्टरांना काय सांगायचे हे तिला पहिल्याच दिवशी ठाऊक असेल.