मांजर झोपेत कुठे धावते?

दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर मुटकुळं करून झोपलेली मांजर बघता बघता सैल पडते. मिशा थरथरतात, पंजाची बोटं उघडतात-मिटतात, बंद पापण्यांआड बुबुळं सरसर फिरतात आणि घशातून एखादा तुटका आवाज निघतो. घरातलं पोर लगेच सांगतं, ‘तिला उंदराचं स्वप्न पडलंय!’ पोराचं हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. झोपेच्या अभ्यासकांच्या हाती जे लागलंय, त्यातलं बरंचसं त्याच्याच बाजूचं आहे. खरं नवल मात्र पाय हलण्याचं नाही. मेंदूत इतकी धावपळ चालू असताना ते एवढेसेच हलतात, याचं आहे.

माणसाच्या झोपेत डोळे वेगाने फिरण्याचे ठरावीक टप्पे येतात, हे शिकागोत यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 साली दाखवलं. त्या टप्प्यात उठवलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात. विल्यम डिमेंट यांना 1958 मध्ये मांजरातही अशीच झोप आढळली. मग फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिशेल जुव्हे यांच्या प्रयोगशाळेत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ते शोधत होते वेगळंच. पण मांजरांच्या मानेच्या स्नायूंना तारा जोडलेल्या होत्या. झोपेत अधूनमधून त्या स्नायूंचा ताण साफ नाहीसा होई, आणि नेमका तेव्हाच मेंदू जागेपणासारखा सळसळत असे. 1959 मध्ये जुव्हे यांनी या अवस्थेला ‘विरोधाभासी निद्रा’ म्हटलं. तारा न जोडताही हे घरी पाहता येतं. पाय पोटाखाली घेऊन बसल्या बसल्या डुलकी काढणारी मांजर मान ताठ ठेवू शकते. ही दुसरी झोप लागली, की मान खाली टेकलीच म्हणून समजा.

ताण जातो कुठे? मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभातून खाली एक आदेश जातो. ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना गप्प बसवतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांना तेवढी सूट असते. तरीही मेंदूतून मधूनच इतका जोराचा उमाळा येतो, की थोडासा या बंदोबस्तातून निसटतो. आपल्याला दिसणारी मिशांची थरथर आणि शेपटीच्या टोकाचा झटका, ही त्याचीच खूण.

हा बंदोबस्तच काढून टाकला तर? जुव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातला एक छोटा भाग नष्ट करून हे पाहिलं. विरोधाभासी निद्रेतली मांजरं डोकं उचलू लागली, उभी राहिली, दबा धरू लागली, समोर काहीच नसताना झडप घालू लागली. कुणी कान पाडून बचावाचा पवित्रा घेई, कुणी अंग चाटत बसे. खऱ्याखुऱ्या जगाची मात्र त्यांना दखल नव्हती. हे वाचताना पोटात कालवतं, आणि कालवावंच. स्वप्नांबद्दलचं हे ज्ञान मुक्या जनावरांच्या मेंदूला इजा करून मिळालेलं आहे, हे लपवून ते सांगणं मला योग्य वाटत नाही.

झोपलेल्या मांजरीचा मेंदू शिकारीच्या हालचाली रचतो, एवढं यातून पक्कं झालं. तिला आतून उंदीर ‘दिसतो’ का, हे ती सांगू शकत नाही. पण उंदराकडून एक धागा मिळाला आहे. दिवसा ठरावीक वाटेवर धावलेल्या उंदरांच्या मेंदूत झोपेच्या याच टप्प्यात त्या धावण्याचा क्रम पुन्हा उमटतो, हे केनवे लुई आणि मॅथ्यू विल्सन यांनी 2001 मध्ये नोंदवलं.

प्रत्येक झटक्यामागे स्वप्न असतंच, असंही नाही. डोळे न उघडलेली पिल्लं तर झोपेत सतत वळवळतात. त्यांनी ना उंदीर पाहिलेला, ना अंगण. उंदरांच्या पिल्लांवरच्या अभ्यासातून असं दिसतं, की अशा प्रत्येक हालचालीची वर्दी मेंदूकडे परत जाते आणि कुठला स्नायू कुठे आहे, हे त्याला उमगत जातं.

म्हणून हलणाऱ्या मांजरीला उठवू नये. दचकून ती ओरबाडूही शकते. मात्र अंग ताठ होऊन सलग झटके येत असतील, तोंडाला फेस आला, लघवी झाली, हाक मारूनही जाग येत नसेल किंवा उठल्यावर ती भांबावलेली दिसली, तर ती फिट असू शकते. मोबाइलवर चित्रण करून पशुवैद्यांना दाखवावं.

माणसातही हा बंदोबस्त ढिला पडतो. 1986 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी स्वप्नातली मारामारी अंथरुणातच करणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा मांजरांवरचे ते प्रयोग आधीच हाताशी होते. असे रुग्ण बहुधा उतारवयातले पुरुष असतात आणि त्यातल्या अनेकांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच जातीचा आजार जडतो. आजोबा झोपेत ओरडून लाथा झाडायला लागले असतील, तर वय झालं म्हणून सोडून न देता त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावं. आणि रात्री काय घडतं ते सांगायला आजींनाही सोबत न्यावं, कारण आजोबांना स्वतःला बहुतेक वेळा फक्त स्वप्नच आठवत असतं.