स्मरण शाबूत, तरीही स्मृतिभ्रंश

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्यातील आजारावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु तीन वर्षांच्या मुलाकडून वर्तुळ आणि पाच वर्षांच्या मुलाकडून चौकोन काढून घेण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःच्या वडिलांना दोन पंचकोन काढता येत नाहीत हे पाहावे लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

अण्णा बडोद्यात गणिताचे शिक्षक होते. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना संध्याकाळी झोपाळ्यावर अनोळखी मुले बसलेली दिसू लागली. "तुझे पेशंट आहेत का रे हे? आत बोलाव त्यांना," असे ते मला सांगत. एके दिवशी वर्तमानपत्रावर तासभर चर्चा करीत, तर दुसऱ्या दिवशी शून्यात पाहत बसत.

मी 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही चाचणी घेतली. ३० पैकी २५ गुण मिळाले. तारीख बरोबर, मागाहून विचारलेले तीनही शब्द बरोबर. स्मृती शाबूत आहे, तेव्हा हा डिमेन्शिया नव्हे, असे ठरवून मी हॅलोपेरिडॉलची लहान मात्रा सुरू केली. चौथ्या दिवशी अण्णांचे अंग लाकडासारखे ताठरले; घास गिळवेना.

मेंदुविकारतज्ज्ञ मित्राने औषध तत्काळ थांबवले आणि माझाच कागद माझ्यापुढे ठेवला. "बेरीज पाहिलीस, गुण कुठे गेले ते पाहिले नाहीस." शंभरातून सात-सात वजा करण्यात चार गुण गेले होते, तेही गणिताच्या शिक्षकाचे! पाचवा गुण पंचकोनांत गेला होता. निदान होते ल्यूई बॉडी डिमेन्शिया. यात आरंभी स्मरण बरेचसे टिकते. अवधान आणि आकृतीचे भान आधी ढळते. शिवाय भासांवरची नेहमीची औषधे या रुग्णांना घातक ठरू शकतात.

अल्झायमरमध्ये याउलट घडते. थोड्या वेळापूर्वी सांगितलेले शब्द आठवत नाहीत, दिवस-वार चुकतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात वागणूक किंवा भाषा आधी बिघडते, आणि १९७५ सालची ही चाचणी पुष्कळदा निर्दोष येते. त्या रुग्णाला एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द सांगायला लावावेत. तेथे तो अडखळतो. हाच विचार पी. एस. मथुरानाथ या भारतीय मेंदुविकारतज्ज्ञाने केंब्रिजमधील सहकाऱ्यांसह २००० साली प्रसिद्ध केलेल्या, १०० गुणांच्या ॲडनब्रुक चाचणीत आकड्यांत मांडला. शब्दप्रवाह व भाषा यांच्या गुणांना स्थलकालभान व स्मरण यांच्या गुणांनी भागायचे. भागाकार ३.२ हून अधिक आल्यास कल अल्झायमरकडे, २.२ हून कमी आल्यास फ्रंटोटेम्पोरलकडे.

अर्थात, ही केवळ दिशा होय. थायरॉईड, बी-१२, नैराश्य आणि मेंदूची प्रतिमा तपासल्याविना निदान पुरे होत नाही. रुग्णाचे शिक्षणही ध्यानात घ्यावे लागते. आणि बडोद्यासारख्या गावी राहणाऱ्या आपणांसाठी एक विशेष सूचना: जन्मभर मराठीत पाढे म्हटलेल्या माणसाला गुजराती वा इंग्रजीतून वजाबाकी विचारू नये.

अण्णांचा ताठरपणा हळूहळू उतरला. पुढे तीन वर्षे ते आमच्यात होते. झोपाळ्यावरची मुले अधूनमधून येत राहिली. त्यांचा अण्णांना त्रास नव्हता, आणि आम्हीही त्यांना हुसकले नाही. व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की वृद्धाला भास होतात म्हणून औषध लिहिण्यापूर्वी त्याच्या हाती कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी.