फ्लाइट सिम्युलेटरमधील ग्राफिक्सच्या अडचणी

घरगुती संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवताना दृश्य अडखळणे, चित्र मंदावणे, खालचा भूप्रदेश धूसर राहणे किंवा नियंत्रणांना उशिरा प्रतिसाद मिळणे, यांना एकत्रितपणे ग्राफिक्सच्या अडचणी म्हटले जाते. त्यांचे मूळ ग्राफिक्स कार्डातच असणार असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते अनेकदा प्रोसेसरमध्ये, मेमरीत किंवा इंटरनेट जोडणीत असते. निदान न करता महागडे कार्ड विकत घेणाऱ्याचे पैसे खर्च होतात आणि अडचण मात्र तशीच राहते.

फ्रेम दर आणि फ्रेमचा कालावधी

पडद्यावरील हालचाल ही एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांनी, म्हणजे फ्रेमनी, बनलेली असते. एका सेकंदात किती फ्रेम तयार झाल्या यास फ्रेम दर म्हणतात. दर सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत, ३० हव्या असतील तर सुमारे ३३.३ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावी लागते.

केवळ सरासरी फ्रेम दर पाहणे फसवे ठरू शकते. समजा, ४९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि पन्नासाव्या फ्रेमला ५१० मिलिसेकंद लागले. तर त्या सेकंदाचा दर ५० असाच दिसेल, पण पाहणाऱ्याला मात्र अर्धा सेकंद चित्र गोठल्याचा अनुभव येईल. म्हणून एकसारखा ३० चा दर हा २५ ते ६० दरम्यान हेलकावणाऱ्या दरापेक्षा बहुधा अधिक सुखद वाटतो.

विमान उतरवताना हा फरक सर्वाधिक जाणवतो. धावपट्टीला चाके टेकण्याआधीच्या काही सेकंदांत वैमानिक समोरचे दृश्य पाहून विमानाचे नाक हलक्या हाताने वर घेत असतो. दृश्य उशिरा आले की दुरुस्तीही उशिरा होते, मग ती गरजेपेक्षा जास्त केली जाते आणि विमान वरखाली हेलकावू लागते. सराव करणाऱ्याला हा आपल्या हाताचा दोष वाटतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये आणखी एक परिणाम दिसतो : फ्रेम दर साधारण २० च्या खाली गेला की उड्डाणाचे गणित कोलमडू नये म्हणून तो सिम्युलेशनचा काळच संथ करतो. अशा वेळी घड्याळ लावून केलेला उपकरणाधारित उड्डाणाचा सराव निरुपयोगी होतो.

प्रोसेसरवरील भार

बऱ्याच संगणकीय खेळांमध्ये खेळाडू मर्यादित जागेत वावरतो. सिम्युलेटरमध्ये ३५,००० फूट उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असते आणि तेवढा प्रदेश सतत बदलत राहतो. त्याच वेळी विमानावरील वायुबलांचे गणित, इंजिन व विद्युत यंत्रणा, कॉकपिटमधील पडदे, हवामान आणि इतर विमानांची वाहतूक यांचाही हिशेब चालू असतो. यातील बरेचसे काम ठरावीक क्रमानेच करावे लागते व ते प्रोसेसरच्या एका मुख्य धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, येऊन पडते. प्रोसेसरमध्ये आठ गाभे असले तरी त्या एका धाग्याचा वेग अपुरा पडला, तर उरलेल्या गाभ्यांचा व ग्राफिक्स कार्डाचा उपयोग मर्यादितच राहतो.

जुन्या सिम्युलेटरांमध्ये हे विशेष ठळकपणे दिसे. २००६ साली आलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा ३२ बिटांचा होता. त्यामुळे संगणकात कितीही मेमरी असली तरी त्याला ४ जीबीपेक्षा जास्त वापरता येत नसे. तपशीलवार विमान आणि मोठ्या विमानतळाचा देखावा एकत्र आला की लांबच्या उड्डाणाच्या अखेरीस मेमरी संपून तो बंद पडे, आणि तेही नेमके उतरण्याच्या सुमारास. २०२० साली एक्स-प्लेन ११.५० मध्ये व्हल्कन व मेटल या नव्या ग्राफिक्स प्रणाली आल्या, तेव्हा चित्र काढण्याच्या सूचना देण्याचा प्रोसेसरवरील भार कमी झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने भूप्रदेशाची माहिती इंटरनेटवरून उड्डाण चालू असतानाच आणण्यास सुरुवात केली व जोडणीचा वेग हाही एक घटक झाला.

निदान

निदानासाठी एकच विमानतळ, एकच विमान, तेच हवामान व तीच वेळ असलेले उड्डाण साठवून ठेवावे आणि प्रत्येक चाचणी त्यावरच घ्यावी. चाचणीपुरती फ्रेम दरावरील मर्यादा काढून टाकावी. एका वेळी एकच सेटिंग बदलावे. एकदम पाच बदलल्यास गुण कशामुळे आला ते कळत नाही.

सर्वांत सोपी चाचणी रेझोल्यूशनची आहे. ३८४० × २१६० या रेझोल्यूशनमध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, तर १९२० × १०८० मध्ये सुमारे २१ लाख, म्हणजे चौथा हिस्सा. रेझोल्यूशन असे उतरवल्यावर फ्रेम दर बराच वाढला तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता. दर जवळजवळ तेवढाच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा आहे, व अशा संगणकात नवे कार्ड बसवून फारसे काही साधत नाही.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधील फ्रेम दर्शक मर्यादा मुख्य धाग्याची आहे की ग्राफिक्स कार्डाची, हे थेट सांगतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र दिशाभूल करतो. सोळा धागे एकाच वेळी चालवणाऱ्या प्रोसेसरमध्ये एक धागा पूर्ण व्यग्र असला तरी त्याचा वाटा एकूण वापराच्या सुमारे ६ टक्केच भरतो. ‘प्रोसेसर तर रिकामाच आहे’ हा निष्कर्ष त्यातूनच निघतो.

उपाय

अडथळा प्रोसेसरचा असल्यास भूप्रदेशाच्या तपशिलाचे अंतर, इमारतींची घनता आणि विमाने, वाहने व जहाजे यांची वाहतूक कमी करावी. यांपैकी वाहतूक कमी करण्याने दृश्याची हानी सर्वांत कमी होते. मोठ्या प्रवासी विमानांच्या कॉकपिटमधील पडदेही प्रोसेसरला जड जातात. चाचणीसाठी साधी घड्याळवजा उपकरणे असलेले छोटे विमान घेऊन पाहावे.

अडथळा ग्राफिक्स कार्डाचा असल्यास ढग, सावल्या, प्रतिबिंबे व कडा गुळगुळीत करण्याची प्रक्रिया यांची पातळी उतरवावी. डीएलएसएस किंवा एफएसआर या तंत्रांत चित्र कमी रेझोल्यूशनवर काढून मोठे केले जाते. त्यामुळे कार्डाचा भार हलका होतो, पण कॉकपिटच्या पडद्यांवरील बदलते आकडे पुसट दिसू शकतात, आणि उड्डाणाचे शिक्षण घेणाऱ्याला आकडे वाचता येणे ढगांच्या सौंदर्यापेक्षा महत्त्वाचे असते. दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालणारे तंत्र दर वाढवून दाखवते. नियंत्रणांचा प्रतिसाद त्याने जलद होत नाही.

मान वळवताना किंवा विमानतळाजवळ येताना अधूनमधून झटके बसत असतील, तर कार्डाची स्वतःची मेमरी भरली आहे का ते तपासावे. ती भरली की पृष्ठभागांची चित्रे, म्हणजे टेक्स्चर, संगणकाच्या मुख्य मेमरीतून ये-जा करू लागतात. टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणणे हा त्यावर थेट उपाय आहे. भूप्रदेश धूसर राहून सावकाश स्पष्ट होत असल्यास जोडणीचा वेग व सिम्युलेटरचा स्थानिक साठा तपासावा.

साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर व्ही-सिंक चालू असताना फ्रेमला १६.७ मिलिसेकंदांहून थोडा जरी जास्त वेळ लागला, तरी ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते व दर एकदम ३० वर घसरू शकतो. संगणकाला ६० चा दर सातत्याने झेपत नसेल तर ३० वर मर्यादा घालणे बरे. आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये ही मुभा नसते. ९० हर्ट्‌झला दोन्ही डोळ्यांची चित्रे ११.१ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागतात.

सिम्युलेटरबाहेरील कारणे

काही कारणे अगदी क्षुल्लक असतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असते, किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालत असतो, किंवा त्यातील प्रोसेसरसोबतचे दुय्यम ग्राफिक्सच वापरले जात असते. उड्डाणाची पहिली दहा-पंधरा मिनिटे सुरळीत जाऊन नंतर दर घसरत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा : तापमान मर्यादेबाहेर गेले की प्रोसेसर व कार्ड स्वतःहून वेग कमी करतात. विदर्भासारख्या प्रदेशात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो, हिवाळ्यात नीट चालणारा लॅपटॉप मे महिन्यात अडखळू लागणे स्वाभाविक आहे. धूळ साफ करणे व लॅपटॉप गादीवर न ठेवणे यांनीही फरक पडतो. ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर पहिल्या काही उड्डाणांत येणारे झटके मात्र बहुधा तात्पुरते असतात; त्या वेळी ग्राफिक्सच्या आज्ञावल्या नव्याने तयार होत असतात.

अद्ययावतीकरणानंतर अचानक उद्भवलेल्या अडचणीमागे बाहेरून घेतलेले एखादे जुने विमान किंवा देखावा असू शकतो. सर्व बाह्य घटक तात्पुरते बाजूला काढून सिम्युलेटर चालवावा. अडचण नाहीशी झाल्यास निम्मे घटक परत घालून पाहावे, आणि दोषी ठरलेल्या गटाचे पुन्हा दोन भाग करावेत. या रीतीने साठ घटकांमधून एक सदोष घटक जास्तीत जास्त सहा चाचण्यांत सापडतो.