घरकुलाच्या यादीतून उडालेलं नाव

घरकुलाबद्दलच्या गावातल्या तक्रारी दोन वाक्यांत मावतात. एक, 'आमचं नाव उडालं.' दोन, 'त्याचं कसं काय आलं?' पुढाऱ्यांची भाषणं, बातम्या आणि चौकशा बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्याभोवती फिरतात. अपात्र माणसाला घर मिळालं की गावभर ओरड होते. पात्र माणसाचं नाव चुकून गळलं तर तो एकटाच पंचायत समितीच्या व्हरांड्यात कागदांची पिशवी धरून उभा असतो. हा मागोवा त्या माणसाच्या बाजूनं आहे. जळगावचा घरकुल घोटाळा इथं बाजूला ठेवू. तो फौजदारी न्यायालयात गेलेला भ्रष्टाचार होता. इथं विषय साध्या चुकांचा आहे: चुकलेलं नाव, चुकलेला खाते क्रमांक, चुकलेला शेरा. आणि त्या दुरुस्त कशा झाल्या, किंवा झाल्याच नाहीत, याचा.

घरकुलं देणारी इंदिरा आवास योजना 1985-86 साली ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग म्हणून आली, पुढे जवाहर रोजगार योजनेत गेली आणि 1 जानेवारी 1996 पासून स्वतंत्र झाली. सुरुवातीला ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांसाठी होती. 1993-94 पासून इतर गरिबांनाही तिची दारं उघडली. त्या काळातली यादी हातानं लिहिलेली असे. चूक झाली तर नावावर रेघ, शेजारी नवं नाव आणि त्याखाली छोटी सही. दुरुस्तीचा याहून सोपा मार्ग नव्हता आणि लबाडीचाही नव्हता. कुणाचं नाव खोडलं गेलं, ते का, हे विचारायचं तर सरपंचाच्याच ओसरीवर जावं लागे. कारण खोडणाराही तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच.

मग गुणांचा काळ आला. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. जितके गुण कमी तितकं कुटुंब गरीब. सर्वोच्च न्यायालयातल्या अन्न अधिकाराच्या दाव्यामुळे ही यादी काही वर्षं अडकली आणि नंतर तिच्याच आधारे घरकुलाच्या कायम प्रतीक्षा याद्या झाल्या. त्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायच्या, असा नियम होता. जिथं तो पाळला गेला तिथं लोक आपापले गुण भिंतीवर वाचत आणि शेजाऱ्याच्या गुणांशी ताडून पाहत. माझ्या मते ही भिंत म्हणजे घरकुलाच्या चाळीस वर्षांतली सर्वांत कामाची पारदर्शकता. वाचता न येणाराही कुणाकडून तरी ती वाचून घेत असे. पण एखाद्या प्रश्नाला एकाऐवजी तीन गुण पडले असतील, तर तेवढ्या दोन गुणांनी कुटुंब यादीत कितीतरी खाली घसरे, आणि निधी वर्षाला मोजक्याच घरांचा येई. अपील होतं, मात्र ते निकाली निघेपर्यंत त्या वर्षाचं उद्दिष्ट संपलेलं असे. दरम्यान अनुदान वाढत गेलं, 2008 साली 35 हजार, 2010 साली 45 हजार, 2013 साली 70 हजार, आणि रकमेबरोबर चुकीची किंमतही वाढली. 2014 च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी प्रतीक्षा याद्यांतले दोष आणि अपात्रांना दिलेली घरं या दोन्हींवर बोट ठेवलं.

नोव्हेंबर 2016 मध्ये आग्र्यात इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली. सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार, शिवाय शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची मजुरी. पात्रता ठरणार होती 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून. कागदावर विचार चांगला होता: सरपंचाच्या मर्जीऐवजी आकडेवारी. पण त्या आकडेवारीतली चूक दुरुस्त करायची सोय एकाच दिशेनं ठेवली होती. संगणकातून आलेली यादी ग्रामसभेपुढे ठेवायची आणि ग्रामसभेनं त्यातली अपात्र नावं कमी करायची. नवं नाव घालायचा अधिकार ग्रामसभेला नव्हता. सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या बेघर बाईचं नाव यादीत नसेल, तर ग्रामसभा फार तर ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवू शकत होती. कमी करायला एक ठराव पुरे. वाढवायला देशभरात नवं सर्वेक्षण व्हावं लागलं.

आणि 2011 च्या नोंदी चुकलेल्या कशा होत्या, तेही पाहण्यासारखं आहे. कच्चं घर कशाला म्हणायचं, हे भिंत आणि छप्पर कशाचं यावरून ठरत होतं. जनगणनेच्या वर्गवारीत पत्रा हा पक्क्या छपरात मोडतो. मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखाली बसून पाहिलेल्या माणसानं ही वर्गवारी केलेली नसावी. दुसरी अडचण एकत्र कुटुंबांची. 2011 साली एका चुलीवर जेवणारे तीन भाऊ 2017 पर्यंत वेगळे झाले, पण नोंद एकाच कुटुंबाची राहिली. घर एक आलं आणि भांडणं तीन झाली. इथं कुणी काही चुकीचं लिहिलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीचं खरं सहा वर्षांनी खोटं झालं होतं.

वगळण्याचे निकष तेरा होते. घरात दुचाकी, फ्रीज, लँडलाइन फोन, महिना दहा हजारांवर कमाई, 50 हजारांपेक्षा कमी नसलेल्या मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड. यातला शेवटचा मला कायम चमत्कारिक वाटत आला. बँकेनं कर्ज दिलं हीच सुबत्तेची खूण धरायची, तर सावकाराकडे गेलेला माणूस सरकारच्या दृष्टीनं जास्त प्रामाणिक गरीब ठरतो. दुचाकीचं तर विचारूच नका. गाडी विकून टाकली, पण आरटीओत नाव बदललं नाही, तेवढ्यावरही नाव कापलं जाण्याची टांगती तलवार. माणूस पायी चालत येऊन सांगणार की माझ्याकडे गाडी नाही, आणि समोरचा पडद्याकडे बोट दाखवून म्हणणार की आहे.

सुटलेल्यांसाठी जानेवारी 2018 ते मार्च 2019 या काळात 'आवास प्लस'चं सर्वेक्षण झालं. महाराष्ट्रात याचीच 'ड यादी' झाली. आधीची 'ब यादी'. आजही कोणत्याही गावात विचारा, तुमचं नाव कोणत्या यादीत, तर उत्तर अक्षरात मिळतं. ड यादीनं जुनी चूक भरून काढली, तशी नव्या प्रकारची चूकही आणली. कुटुंबांच्या नोंदी रोजगार हमीच्या जॉबकार्डाशी जोडताना, पडताळणीत न बसणारी नावं संगणकानं परस्पर बाद केली. 'ऑटो डिलीट' हा शब्द तेव्हापासून ग्रामपंचायतीत रुळला. सर्वेक्षणाच्या घाईत दुसऱ्याच कुणाच्या जॉबकार्डाचा क्रमांक टाकला गेला असेल, तर त्या दुसऱ्याची पात्रता-अपात्रता तुमच्या डोक्यावर. आता चूक मान्य करणारे सगळेच होते. ग्रामसेवक म्हणे, 'बरोबर आहे तुमचं.' ऑपरेटर म्हणे, 'बरोबर आहे, पण मला ते बटणच दिसत नाही.' गटविकास अधिकारी वर कळवत आणि उत्तर येई की पोर्टल वरून उघडल्यावर बघू. जुन्या सरपंचापुढे निदान भांडता तरी येत होतं.

मंजुरी मिळाली म्हणजे चुका संपल्या असंही नाही. हप्ता खात्यात पडेपर्यंत धाकधूक असतेच. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षरानं. पैसे भलत्याच खात्यात जातात किंवा परत येतात. पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या 'लहान खात्या'वर मर्यादा असतात, हे घराचे मोठे हप्ते अडकेपर्यंत खातेदाराला माहीतही नसतं. अशा चुका खरं तर सुधारायला सर्वांत सोप्या: पासबुक पाहा, क्रमांक बदला, पुन्हा पाठवा. तरीही घराचं बांधकाम जोत्यावर थांबतं आणि सिमेंटवाल्याची उधारी चढत जाते.

वसुलीचा भाग मात्र सगळ्यात बोचरा. कार्यालयाच्या चुकीनं अपात्र माणसाला हप्ता गेला, त्यानं तो भिंतीत घातला आणि मग नोटीस आली. 2014 साली पंजाब सरकारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारच्या चुकीनं तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला जादा पगार गेला असेल, तर तो वसूल करू नये, कारण ते त्याच्यासाठी फार कठोर होईल. शिपायाला लागू झालेली ही दया शेतमजुराला कोण लागू करणार? ज्यानं खोटी माहिती दिली त्याच्याकडून जरूर वसूल करावं. ज्यानं काहीच लपवलं नव्हतं आणि ज्याच्या पात्रतेवर तीन सह्या झाल्या होत्या, त्याच्याकडे मागायला येण्याआधी त्या तीन सह्यांना जाब विचारला गेला पाहिजे.

2024 साली केंद्रानं आणखी 2 कोटी घरं मंजूर केली, निकष तेरावरून दहावर आणले, दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन यादीतून काढले, कमाईची मर्यादा 15 हजारांवर नेली. लँडलाइनचा फोन गावातून केव्हाच गेला होता. निकष मागे राहिला होता. फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्यात महाराष्ट्रातल्या 20 लाख लाभार्थ्यांच्या मंजुरीचा मोठा कार्यक्रम झाला. नव्या सर्वेक्षणात मोबाइलवरून स्वतःची नोंद स्वतः करायची सोय आली, ही मला मनापासून पटलेली सुधारणा आहे. ज्याचं घर आहे तोच त्याची माहिती भरतो. पण पूर्वी दुचाकीपायी जे गळले, त्यांना त्या निकषाबरोबर आपोआप परत घेतलं गेलं नाही. त्यांनीही पुन्हा नव्या सर्वेक्षणातूनच यायचं.

योजनेच्या चौकटीत जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली अपील समितीची तरतूद आहे, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून ज्यांच्या घरात किंवा शेजारात असं नाव उडालं आहे, त्यांना एवढंच सांगायचं: 'वरूनच झालंय' या उत्तरावर परत फिरू नका. नाव कोणत्या निकषाखाली आणि कोणत्या तारखेच्या ठरावानं कमी झालं, ते लेखी मागा, पोहोच घ्या आणि अपील करा. पुढच्या ग्रामसभेत नव्या यादीबरोबर वगळलेल्यांची यादीही कारणांसकट मोठ्यानं वाचायला लावा.