कोल्हापूर जिल्ह्यातील रानडुकरांचा उपद्रव आणि शिकारविषयक कायदा : एक विवेचन

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड हे तालुके सह्याद्रीच्या जंगलाला लागून आहेत. भात, नाचणी, भुईमूग, मका आणि ऊस ही येथील प्रमुख पिके. या पिकांत रानडुकरांचे कळप रात्री शिरतात. ते जितके खातात त्यापेक्षा अधिक तुडवतात आणि उकरतात. पीक हाताशी आले की शेतकऱ्याला माळ्यावर बसून राखण करावी लागते. 'डुक्कर मारायला बंदी का?' हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. कायदा नेमके काय सांगतो, आणि शिकारीने हा प्रश्न कितपत सुटू शकतो, या दोन मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रानडुक्कर आणि उसाचे शेत

भारतातील रानडुक्कर हा येथील मूळचा प्राणी आहे. शहरात उकिरड्यांवर फिरणारी भटकी डुकरे पाळीव वंशाची असतात. त्यांचा बंदोबस्त हा नगरपालिका प्रशासनाचा विषय आहे. या दोहोंची गल्लत होऊ नये.

रानडुकराची मादी सुमारे पावणेचार महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी साधारणतः चार ते सहा पिल्ले देते. माद्या व पिल्ले कळपाने राहतात, तर प्रौढ नर बहुधा एकटा असतो. वाघ, बिबट्या आणि कोळसुंदा हे त्यांचे नैसर्गिक शत्रू होत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात वाघ विरळ झाला आहे. दुसऱ्या बाजूस ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो, आणि त्यात प्राण्याला अन्न, पाणी व आडोसा एकत्र मिळतो. परिणामी काही कळपांना जंगलात परतण्याची गरजच उरत नाही. गळीत हंगामात ऊस तुटू लागला, की हेच कळप शेजारच्या पिकांत पांगतात. म्हणून हा उपद्रव केवळ 'जंगलातून येणारा' आहे असे मानणे अपुरे ठरते.

शिकारविषयक कायद्याची वाटचाल

संस्थानकाळात कोल्हापुरात शिकारीला राजाश्रय होता. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा सध्याचा मूळ कायदा होय. आरंभी त्यात परवाना घेऊन ठरावीक प्राण्यांची शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि तेव्हापासून ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. 'शिकार' या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच फासकी लावणे, सापळ्यात पकडणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो.

तरीही कायद्याने सर्व दारे बंद केलेली नाहीत. कलम ११ अन्वये एखादा प्राणी मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी सकारण लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व नीलगाय यांच्या बाबतीत हे अधिकार क्षेत्रीय वनअधिकाऱ्यांपर्यंत नेले. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. परंतु ही सवलत पिकाला लागू नाही. परवानगीने मारलेला प्राणीही शासनाची मालमत्ता ठरतो.

दुसरा मार्ग कलम ६२ चा आहे. त्यानुसार केंद्र सरकार ठरावीक क्षेत्रात व ठरावीक मुदतीसाठी प्राण्याला 'उपद्रवी' घोषित करू शकते. बिहारमध्ये २०१५ साली आणि उत्तराखंडात २०१६ साली रानडुकराबाबत अशा अधिसूचना निघाल्या. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली आणि कलम ११ खालील अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविले.

परवानगी आणि प्रत्यक्ष

परवानगी कागदावर मिळाली तरी ती वापरणार कोण, हा प्रश्न उरतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण अल्पभूधारकाजवळ बंदूक क्वचितच असते, आणि रात्री दाट उसात नेम धरणे धोक्याचे असते. कायदेशीर मार्ग दुष्कर वाटला की काही जण तारेची फासकी, गावठी बॉम्ब किंवा कुंपणात सोडलेला थेट वीजप्रवाह यांचा आधार घेतात. फासकी प्राणी ओळखत नाही; तीत बिबट्याही अडकतो. विजेची तार तर पाणी पाजण्यास निघालेल्या शेतकऱ्याचाही बळी घेते. पीक वाचविण्याच्या प्रयत्नात माणूस जीव गमावतो किंवा गुन्हेगार ठरतो, ही या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू होय.

शिकारीच्या मर्यादा

अमेरिकेत डुक्कर हा युरोपियनांनी सोळाव्या शतकात नेलेला परका प्राणी आहे. तेथील टेक्सास राज्याने २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याची मुभा दिली, आणि २०१९ मध्ये खाजगी जमिनीवर त्यांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या परवान्याची अटही काढली. तरीही डुकरे संपली नाहीत. उलट कॅन्सस राज्याने २००६ मध्ये त्यांच्या हौशी शिकारीवर बंदी घातली. मिसूरीच्या संवर्धन विभागाने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर तशीच बंदी आणली. यामागील कारण लक्षात घेण्याजोगे आहे. एकदोन डुकरे मारली की उरलेला कळप बिथरून नव्या भागात पसरतो. शिवाय शिकारीच्या हौसेपोटी डुकरे मुद्दाम सोडली जातात. संपूर्ण कळप एकाच वेळी मोठ्या पिंजऱ्यात पकडणे तेथे अधिक परिणामकारक मानले जाते.

आपल्याकडे रानडुक्कर मूळनिवासी असून बिबट्या व कोळसुंद्याचे भक्ष्यही आहे. त्यामुळे निर्मूलन हे येथे उद्दिष्ट असू शकत नाही. उपद्रवाचे नियंत्रण हेच उद्दिष्ट योग्य होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, कायद्यात परवानगीची तरतूद आहे. मात्र ती शेतकऱ्याला हंगामात, वेळेवर आणि प्रशिक्षित पथकाच्या साहाय्याने मिळाली तरच उपयोगी. दुसरी, एकट्या शेताचे कुंपण डुकराला शेजारच्या शेतात ढकलते. म्हणून अल्पकालिक सौम्य धक्का देणारे सौरकुंपण संपूर्ण शिवाराभोवती सामूहिकरीत्या उभारणे हितावह ठरते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौरकुंपणासाठी साहाय्याची तरतूद आहे. तिसरी, पंचनामा व नुकसानभरपाई यांतील विलंब जितका कमी, तितका बेकायदेशीर उपायांकडे असणारा कल कमी होईल. वन्यजीव संरक्षणाचा लाभ सर्व समाजाला होतो. त्याची किंमत मात्र जंगलालगतच्या अल्पभूधारकाने एकट्याने मोजावी, हे न्याय्य नव्हे. शिकारीच्या नियमांची चर्चा या जाणिवेतून झाली, तरच त्या नियमांना गावाचा पाठिंबा लाभेल.