डॉलरवरचा बायसन, टाकावरचा हल्या

मराठवाड्यातल्या जुन्या घराचा देव्हारा उघडला की चांदीवर उमटलेली जनावरंच जनावरं दिसतात. खंडोबाच्या टाकावर घोडा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. दत्ताच्या मूर्तीमागे गाय, पुढे चार कुत्री. भवानीच्या टाकावर सिंह आणि त्रिशूळाच्या टोकाखाली रेडा. माहूरच्या रेणुकेचं मूळ रूप म्हणजे शेंदराने माखलेला भव्य तांदळा, तिथे वाहनाला जागाच नाही. पण दत्तात्रेय मुक्कामाला माहूरच्याच शिखरावर येतात अशी श्रद्धा असल्याने गाय आणि कुत्री त्या गावातही चुकत नाहीत.

या सगळ्यांत अवघड जागी सापडलाय तो रेडा. मराठवाड्याच्या बोलीत हल्या. सगळे देवाबरोबर मिरवतात, हा एकटा मार खातो.

महिषकुळातल्या जनावराला चांदीवर यापेक्षा बरी जागा मिळू शकते का? अमेरिकेत मिळाली. तिथलं ते जनावर खरं तर आपल्या म्हशीच्या जवळचं नाही. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला किंवा गोव्याचा राज्यप्राणी असलेला गवा त्याला जास्त जवळचा. अमेरिकी लोक त्याला सर्रास बफेलो म्हणतात, शास्त्रज्ञ बायसन म्हणतात. पूर्ण वाढलेला नर ९०० किलोच्या घरात जातो. डोकं जमिनीकडे झुकलेलं, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, पुढचं अर्धं अंग लोकरीने झाकलेलं आणि मागचं अर्धं तुळतुळीत. हिवाळ्यात डोक्यानेच बर्फ बाजूला ढकलून तो खालचं गवत खातो. नाण्याच्या गोल चकतीत बसवायला याहून सोयीचा प्राणी सापडणं कठीण, कारण त्याची पाठच मुळी अर्धगोल आहे.

जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराने हे ओळखलं. त्याचं पाच सेंटचं नाणं १९१३ साली चलनात आलं आणि १९३८ पर्यंत पडत राहिलं. एका बाजूला मूळनिवासी पुरुषाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन. नाणं चांदीचं नव्हतं. तीन भाग तांबं, एक भाग निकेल. चांदी मिळाली ती २००१ मध्ये. अमेरिकी टाकसाळीने तीच दोन चित्रं घेऊन स्मारक डॉलर काढला, पाच लाख नाण्यांची मर्यादा घातली आणि काही आठवड्यांत सगळी नाणी संपली. २००६ मध्ये हाच बायसन शुद्ध सोन्याच्या नाण्यावर चढला. आता तर तिकडच्या खासगी टाकसाळी एक औंसाच्या, म्हणजे ३१.१ ग्रॅमच्या चांदीच्या चकत्या त्याच चित्रासह काढतात. त्यांना राउंड म्हणतात. चलन म्हणून त्यांची किंमत शून्य, चांदी म्हणून पुरेपूर. आपल्याकडे धनत्रयोदशीला सराफाकडून लक्ष्मी-गणपतीचं नाणं घेतात, तसलाच प्रकार. फक्त देवाच्या जागी जनावर.

या कौतुकाची तारीख मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात तीन ते सहा कोटी बायसन असावेत, असा अंदाज सांगितला जातो. १८७०च्या दशकात रेल्वे आली, कातड्याला भाव आला आणि शिकाऱ्यांनी कळपच्या कळप लोळवले. ज्या मूळनिवासींचं जगणं या प्राण्यावर उभं होतं, त्यांची रसद तोडणं हाही हेतू त्यात होताच. १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद केली, तेव्हा आकडा निघाला १,०९१. हे हॉर्नडे स्वतः तीनच वर्षांपूर्वी स्मिथसोनियन संग्रहालयात पेंढा भरून ठेवण्यासाठी बायसन मारायला मोंटानात गेले होते. उरलेले संपण्याआधी निदान नमुना तरी हाती असावा, हा त्यामागचा हिशेब. पुढे तेच गृहस्थ न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख झाले आणि १९०५ मध्ये बायसन वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे अध्वर्यूही. म्हणजे नाण्यावर बायसन आला तेव्हा माळावरून तो जवळजवळ गेलेला होता.

नाण्यासाठी ज्याचं नाव घेतलं जातं, तो 'ब्लॅक डायमंड' तर माळावरचा नव्हताच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या पिंजऱ्यातला होता. नाणं खिशाखिशांत खुळखुळत असतानाच, १९१५ मध्ये, म्हातारा झाला म्हणून तो विकला गेला आणि खाटिकखान्यात त्याचा शेवट झाला. संग्राहकांच्या पुस्तकांत ही हकिकत येते, पण तीन पायांच्या बायसनाइतकी ती रंगवून कुणी सांगत नाही. १९३७ साली डेन्व्हरच्या टाकसाळीत एका कामगाराने ठसा जरा जास्तच घासला आणि बायसनाचा पुढचा एक पाय उडाला. तीन पायांचं ते नाणं आज चार पायांच्या नाण्यापेक्षा कितीतरी महाग विकलं जातं.

झीज हा संग्राहकांचा खरा शत्रू. फ्रेझरच्या नाण्यावर सालाचे आकडे उंचवट्यावर होते, त्यामुळे हाताळून हाताळून ते पुसले जात. साल पुसलेलं नाणं म्हणजे जवळपास मातीमोल. म्हणून आजचा संग्राहक नाणं हातात घेतच नाही. जाणकारांकडून त्याला १ ते ७० मधला दर्जा लावून घेतो आणि प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवतो.

टाकाची गोष्ट नेमकी उलटी. सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवतो आणि ठोकून ठोकून देव उठवतो. पाठीला तांब्याचा पत्रा. झाला टाक, जेमतेम अंगठ्याएवढा. मग त्याला रोज ताम्हनात आंघोळ, सणावारी दूध-दही, चिंचेने किंवा राखेने घासणं, गंध-फूल, भंडारा. चांगला लखलखीत असतो तोवर त्याच्याकडे कुणी फारसं निरखून पाहत नाही, आणि तीन पिढ्यांनी घासल्यावर नाक-डोळे गेले की घरची म्हातारी बोटाने चाचपून सांगते, हा खंडोबा, ही भवानी, हा वीर. भवानीच्या टाकावर सगळ्यात आधी झिजते ती तिची मुद्रा, कारण उठाव तिथे जास्त. खाली दबलेला रेडा मागे राहतो. देवीची ओळख पटवायला शेवटी त्याचीच शिंगं कामी येतात.

अगदीच झिजलेला टाक सोनाराकडे जातो, नवा घडवून घेतात, जुना नदीत सोडतात किंवा आटवतात. टाकाला दर्जा नाही, डबी नाही, साल तर नाहीच नाही. चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडला तरी देवघरातले टाक मोडून पैसा करावा असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हल्याला मराठी माणसाने फक्त त्रिशूळाखालीच ठेवलं, असंही नाही. शेताच्या बांधावर, गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा बसलेला असतो, तो मूळचा महिषच. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) मध्ये म्हसोबा आणि महिषासुर यांच्या या नात्यावर लिहिलं. एकाच परिसरातली माणसं डोंगरावर महिष मारणारी देवी पुजतात आणि पायथ्याशी त्याच महिषाला नारळ फोडतात. गुराख्यांचा देव आणि शेतकऱ्यांची देवी यांची जुनी भांडणं अशी मिटली असावीत. पण म्हसोबा दगडात राहिला. चांदीवर आला तो हरलेला महिष.

आणि चलनी चांदीवर? नांदेड-लातूर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. इथे चालायचा तो हाली सिक्का, त्याच्यावर चारमिनार. इंग्रजी कलदार रुपयावर राजा-राणीचा मुखवटा. त्या रुपयावर एकदाच जनावराने गोंधळ घातला. १९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या माळेत एक बारीकसा हत्ती होता. सोंड आखूड पडल्याने तो लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. तो 'डुकराचा रुपया' आज संग्राहकांच्या आवडीचा.

जनावराचं खरं कौतुक मराठवाड्यात चांदीवर शोधून सापडायचं नाही. त्यासाठी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावला जावं लागतं. खंडोबाची यात्रा, तमाशाचे फड, कुस्त्या, आणि मैलभर पसरलेला जनावरांचा बाजार. घोडे, गाढवं, उंट, बैल. इथेच लाल कंधारीची स्पर्धा भरते. कंधार-मुखेडकडचं हे जनावर डोक्यापासून खुरापर्यंत गर्द तांबडं, डोळ्यांभोवती काळी कड, कान लांब, उन्हात आणि कमी चाऱ्यात टिकणारं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं देवणी वेगळंच. पांढऱ्या अंगावर काळं. चेहरा वानरासारखा काळा असला तर वानेरा, बहुतेक पांढरंशुभ्र असलं तर बालंक्या, काळे ठिपके-चट्टे असले तर शेवरा. गिऱ्हाईक आधी वशिंड पाहतो, मग जनावर चालवून बघतो, मग ओठ उचलून दात: आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. भाव उपरण्याखाली बोटं धरून ठरतो, तोंडाने भलतंच बोलत. फ्रेझरनेही बायसन इतक्या बारकाईने पाहिला नसेल.

या कौतुकात म्हैस मागेच राहते. पंढरपुरी आणि नागपुरीसारखीच मराठवाडी ही म्हशीची नोंदणीकृत जात आहे, हे पुष्कळ मराठवाडेकरांनाच ठाऊक नसतं. रंग राखाडीपासून कुळकुळीत काळ्यापर्यंत, काहींच्या कपाळावर पांढरा टिकला, शिंगं मानेला समांतर मागे जाऊन खांद्याशी थांबणारी. पंढरपुरीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात, तिला त्यामुळे देखणी म्हणतात. मराठवाडी दूध मुऱ्हापेक्षा कमी देते, पण कडब्यावर भागवते आणि दुष्काळात तग धरते. डेअरीच्या काट्यावर लिटर मोजले जातात. तग मोजणारा काटा अजून बसलेला नाही. म्हणून हरियाणाची मुऱ्हा येते आणि जी म्हैस तिच्या जागेवरून उठते, ती बहुधा ही गावठी म्हणून हिणवलेली मराठवाडी असते.

हल्याचं तर त्याहून वाईट. शेतात आता त्याला काम नाही. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली, त्या बंदीत म्हैसवर्ग नाही. रेडकू नर निघालं की त्याचा हिशेब गोठ्यात त्याच दिवशी होतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास, गवळी समाज सगर भरवतो तेवढाच त्याचा मान. छत्रपती संभाजीनगरात आणि जुन्या राजधानीत, हैदराबादेत, रेड्यांना न्हाऊ-माखू घालून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि घुंगरमाळा बांधून वाजतगाजत मिरवतात. हैदराबादेत याला सदर म्हणतात आणि तिथे हरियाणाहून आणलेल्या धिप्पाड मुऱ्हा रेड्यांभोवती मोबाइल उंचावून गर्दी होते. मराठवाडी हल्या त्या गर्दीत शोधावा लागेल.

अमेरिकेने आपला बायसन नाण्याने वाचवला नाही. १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये हॉर्नडे यांनी ब्रॉन्क्समधून १५ बायसन निवडले आणि रेल्वेने ओक्लाहोमाच्या विचिटा राखीव क्षेत्रात पाठवले. नाणं निघायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. आज तिकडे राखीव क्षेत्रांत आणि खासगी कुरणांत मिळून बायसनांची संख्या लाखांत गेली आहे आणि २०१६ मध्ये कायद्याने तो राष्ट्रीय सस्तन प्राणी ठरला. नांदेड-लातूरकडे लाल कंधारी आणि देवणीसाठी असाच प्रवास चालू आहे, फक्त रेल्वेने नाही. निवडक वळूंचं गोठित रेत द्रव नायट्रोजनच्या नळकांड्यात भरून पशुवैद्यकाच्या दुचाकीवरून गोठ्यापर्यंत पोचतं. त्या नळकांड्यात मराठवाडी हल्याची मात्रा आहे का, हे म्हैसवाल्याने दारात आलेल्या डॉक्टरला विचारायला हवं. बहुतेकजण मुऱ्हाचीच मागतात.