बिनपगारी माणसांचं चर्च

सावकारीच्या खतांची वाटणी झाली, तेव्हा धाकट्या कान्होबाचा अर्धा हिस्सा त्याच्या हाती देऊन तुकोबांनी आपला हिस्सा इंद्रायणीत बुडवला, ही कथा देहूत शेंबडं पोरही सांगेल. पुण्या-मुंबईकडच्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथीयांची कुळकथा ऐकताना ती हटकून आठवते. तिथेही हातचा पैसा सोडणाऱ्यांचीच रांग आहे.

पहिला मान जॉर्ज बोवेन यांचा. 1848 साली अमेरिकन मिशनतर्फे ते मुंबईत आले आणि थोड्याच काळात मिशनचा पगार नको म्हणाले. बाजारवस्तीत साधीशी खोली घेतली, शिकवण्या केल्या, पुढे ‘बॉम्बे गार्डियन’ हे नियतकालिक चालवलं. मिशनरी म्हणजे बंगला आणि नोकरचाकर, या समजालाच त्यांनी सुरुंग लावला.

दुसरे विल्यम टेलर. कॅलिफोर्नियात सोन्याची झुंबड उडाली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उभं राहून उपदेश करणारा हा दाढीवाला गडी. अमेरिकन मेथडिस्टांचं काम 1856 पासून अवध-रोहिलखंडात चाललं होतं. मुंबई-पुणे त्यांच्या नकाशावर नव्हतं. 1871 च्या अखेरीस टेलर मुंबईत आले. पुढच्याच वर्षी मुंबईकरांनी स्वतंत्र मेथडिस्ट मंडळीची लेखी मागणी केली. टेलर यांचा हट्ट एकच: अमेरिकेच्या पैशाकडे बघायचं नाही, मंडळीनं आपला पाळक आपण पोसायचा. बोवेनही त्यांना येऊन मिळाले.

या लाटेत पुण्यात सापडला विल्यम ओल्डहॅम. जन्म बंगळूरचा, नोकरी सरकारी मोजणी खात्यात. त्यानं सर्व्हेअरकी सोडली, 1886 साली सिंगापुरात अँग्लो-चायनीज स्कूल काढली आणि पुढे बिशप झाला. पुणे कॅम्पातल्या मेथडिस्ट चर्चला त्याचंच नाव आहे.

चौथे रेव्हरंड ना. वा. टिळक मेथडिस्ट नव्हतेच; ते अमेरिकन मराठी मिशनचे. पण त्यांच्यावाचून मराठी मेथडिस्टांचं रविवारचं पान हलत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. चर्चमध्ये त्यांनी कीर्तनं केली, भजनं रचली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. दोन वर्षांत ते गेले.

आता पडद्यामागचं राजकारण. उत्तर भारतातली प्रोटेस्टंट चर्चं एक करायची बोलणी 1929 पासून सुरू होती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ उभं राहिलं. सातवी मंडळी अमेरिकन परंपरेतल्या मेथडिस्टांची. मांडव घालायची वेळ आली आणि त्यांनी त्याच वर्षी अंग काढून घेतलं. 1981 मध्ये त्यांनी ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून आपलं स्वतंत्र घर मांडलं. पुण्यात चर्चांच्या दोन वेगळ्या पाट्या दिसतात, त्याचं मूळ या माघारीत आहे.

गंमत अशी की टिळकांची पदं दोन्हीकडे गातात. 41 वर्षं मसुदे घासणाऱ्यांच्या हातून जे निसटलं, ते पगार सोडून टाळ हाती घेतलेल्या एका कवीनं, कुठलीही समिती न नेमता, केव्हाच करून ठेवलं होतं.